कर्ज देणारा कोण? विकासकर्जाच्या करारांतील धनकोची व्याख्या

(यवतमाळ येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानासाठी कर्जकराराच्या मसुद्यासारखा विषय निवडणे काहींना रुक्ष वाटेल. पण कर्ज म्हणजे काय हे या जिल्ह्याइतके जवळून पाहिलेले प्रदेश महाराष्ट्रात फार नाहीत. आणि कायद्यातला शब्द थेट शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोचतो, हेही या जिल्ह्याला नवे नाही. लोकनायक बापूजी अणे यांनी इथेच वकिली केली आणि १९३० च्या जुलैत पुसदला जंगल सत्याग्रहात गवत कापून जंगल कायद्याला जाहीर आव्हान दिले. त्या परंपरेला स्मरून मी आज एकच प्रश्न मांडणार आहे. विकासासाठी कर्ज देणारी आंतरराष्ट्रीय संस्था कोणाला म्हणायचे, हे करारांत आणि नियमांत कसे ठरवावे? आज ते बहुधा नावांच्या यादीने किंवा ढोबळ वर्णनाने ठरवले जाते. माझे म्हणणे असे की, या व्याख्येमुळे धनकोला मोठे विशेषाधिकार मिळतात, म्हणून त्याची जबाबदारीही याच व्याख्येत बांधली पाहिजे. संस्था कोणाच्या मालकीची आहे, पैसा कशासाठी आणि कोणत्या अटींवर देते, आणि तिच्याविरुद्ध दाद कुठे मागता येते, या तीन कसोट्यांवर जी उतरेल तिलाच हा दर्जा मिळावा; आणि ज्या कर्जाबाबत ती उतरेल, त्या कर्जापुरताच मिळावा.

व्याख्येने काय बदलते हे पाहायला दूर जावे लागत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ घ्या. गरजू शेतकरी पैसे घेतो, कागदावर मात्र जमिनीचे खरेदीखत होते. वरवर पाहता तो साधा विक्रीचा व्यवहार असतो, आणि विक्री झाली म्हणजे हक्क संपला. पण तो व्यवहार सावकारीच्या ओघात झाला होता असे जिल्हा निबंधकाच्या चौकशीत ठरले, तर कलम १८ नुसार तो दस्त अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश होऊ शकतो. शेत तेच, रक्कम तीच, सह्याही त्याच. पैसे देणारा ‘खरेदीदार’ की ‘सावकार’, एवढ्याच प्रश्नाच्या उत्तरावर सातबाऱ्यावरचे नाव बदलते. त्याच कायद्यात ‘कर्ज’ या संज्ञेची व्याख्या करताना सरकारने, बँकेने, सहकारी संस्थेने दिलेल्या रकमा वेगळ्या काढल्या आहेत, कारण त्यांच्यावर नियंत्रण ठेवणारे दुसरे कायदे आहेत. इथे एक तत्त्व दिसते. एखाद्या धनकोला सामान्य नियमातून सूट द्यायची, तर त्याला बांधणारा दुसरा नियम अस्तित्वात असला पाहिजे. सूट आणि बंधन ही जोडी तुटली की कर्ज घेणारा उघडा पडतो.

ही जोडी तुटली तेव्हा काय झाले, याचा दाखला वऱ्हाडच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबादचे निजाम सरकार कर्जात बुडालेले होते. पामर आणि कंपनी ही हैदराबादची खासगी पेढी निजामाला मोठ्या रकमा देत होती आणि त्यांच्या परतफेडीसाठी महसूल लावून घेत होती. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचेच देणे साचले. ते मुख्यतः हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाचे होते. ती फौज उभी कोणी केली, तिचे अधिकारी कोण नेमत होते, तिचा खर्च कोण ठरवत होते? कंपनी. रक्कम न मिळाल्यास दबाव आणणारा रेसिडेंट कोणाचा? कंपनीचा. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या हवाली झाले. १८६० च्या तहात धाराशिव आणि रायचूर परत गेले, सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपये खंडावर ते कायमचे त्यांच्याकडे आले. आजचा यवतमाळ जिल्हा या व्यवहारातूनच इंग्रजी अमलाखाली गेला; तो आधी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि १९०५ मध्ये यवतमाळ झाला.

या प्रकरणातली सर्वांत बोलकी अट १८६० च्या तहात आहे. वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. मागचा, चालू आणि पुढचाही. शिल्लक उरली तर इंग्रज सरकार देईल, पण शिल्लक किती हे ठरवणार तेच सरकार. कर्ज देणारा, सेवा पुरवून बिल लावणारा, तारण ताब्यात घेणारा आणि हिशेबाचा एकमेव पंच, या चारही भूमिका एकाच सत्तेत मिसळल्या. धनको या नात्याने कंपनीला काय करता येईल आणि काय करता येणार नाही, याची मर्यादा कुठेच लिहिलेली नव्हती. वऱ्हाडच्या इतिहासाचा माझ्या मते हा मुख्य धडा आहे. कर्जाची रक्कम किती, यापेक्षा धनकोचे रूप अमर्याद असणे अधिक घातक ठरले.

१९४४ च्या जुलैत अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा मर्यादा घातलेला धनको प्रथमच मोठ्या प्रमाणावर कागदावर उतरला. भारताच्या प्रतिनिधिमंडळात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपच्या उभारणीबरोबरच मागास राहिलेल्या देशांच्या विकासाचा विचार नव्या व्यवस्थेच्या उद्दिष्टांत यावा, हा आग्रह भारतीय मंडळाने धरला होता. तिथे ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पुनर्रचना व विकास बँकेच्या घटनेवर भारताने २७ डिसेंबर १९४५ रोजी सही केली आणि तो संस्थापक सदस्य झाला. ती घटना कंपनीच्या तहांशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. बँकेने सदस्य देशाच्या राजकारणात ढवळाढवळ करू नये, निर्णय केवळ आर्थिक विचारांनी घ्यावा, असे कलम तिच्यात आहे. कर्जाची रक्कम ज्या कामासाठी दिली त्याच कामावर खर्च होते की नाही, हे पाहण्याचे बंधन बँकेवरच टाकले आहे. कर्ज घेणारे देश स्वतः तिचे भागधारक आहेत. भारताला १९४९ मध्ये रेल्वेसाठी मिळालेले ३ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज हे या बँकेचे भारताला पहिले कर्ज. आपण घेणारेही होतो आणि मालकांपैकीही होतो.

या जिल्ह्यात असा धनको गेल्या दोन दशकांत प्रत्यक्ष आला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याच सहा जिल्ह्यांसाठी, म्हणजे यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा यांच्यासाठी, समन्वयित कृषी विकास प्रकल्प आला. ‘केम’ या नावाने तो शेतकऱ्यांना माहीत आहे. त्याचे कर्ज रोमस्थित आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचे, म्हणजे इफाडचे; सोबत सर रतन टाटा ट्रस्टचा वाटा आणि राज्य सरकारचा पैसा; महिला बचत गटांचे काम महिला आर्थिक विकास महामंडळाच्या लोकसंचालित साधन केंद्रांमार्फत. नंतर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोकांच्या बोलण्यातला ‘पोकरा’, पंधरा जिल्ह्यांत सुरू झाला आणि त्यात यवतमाळही होता. त्यासाठी जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. परतफेडीची मुदत २४ वर्षांची. आज शाळेत जाणारी मुले कर्त्या वयाची होतील तेव्हाही त्याचे हप्ते जात असतील. ज्या संस्थेशी एवढे दीर्घ नाते जुळते, ती नेमकी कोण हे त्यांना कळायला हवे.

हे नाते कागदावर कसे बांधले जाते? राज्यघटनेचे कलम २९३ राज्याला फक्त भारताच्या हद्दीत कर्ज काढू देते; परदेशातून कर्ज काढण्याचा अधिकार कलम २९२ खाली केंद्राचा. म्हणून ‘पोकरा’चा कर्जकरार भारत सरकार आणि बँक यांच्यात होतो, राष्ट्रपतींच्या नावाने. महाराष्ट्र सरकार बँकेशी वेगळा प्रकल्प करार करते. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनंतर, २००५ पासून, परकीय कर्ज केंद्राकडून राज्याला मूळ अटींवरच पुढे दिले जाते. खाली गावात ग्राम कृषी संजीवनी समिती आराखडा करते आणि शेतकऱ्याच्या बँक खात्यात अनुदान जमा होते. या साखळीच्या वरच्या टोकाला धनको नेमका आहे. करारात नाव लिहून ‘बँक’ असे संबोधले की काम भागते, कारण तिची घटना आणि कर्जाच्या सर्वसाधारण अटी मागे उभ्या असतात. त्या अटींत एक जबर कलम आहे. कराराचे हक्क व बंधने कोणत्याही राज्याच्या विरोधी कायद्याला न जुमानता वैध राहतील. देशी कायद्याच्या वर जाणारे हे बळ सामान्य बँकेला कोणी देणार नाही. ते दिले जाते, कारण समोरची संस्था कोण आहे याविषयी एक विश्वास गृहीत धरलेला असतो.

अडचण सुरू होते ती एकाच नावाऐवजी संस्थांच्या वर्गाविषयी बोलणाऱ्या दस्तऐवजांत. त्यांचे तीन नमुने पाहू. पहिला, १९९५ ची उत्पादन शुल्क अधिसूचना क्रमांक १०८. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पैशाने चालणाऱ्या, सरकारमान्य प्रकल्पांना लागणाऱ्या मालावर तिने शुल्कमाफी दिली. ‘आंतरराष्ट्रीय संस्था’ कोणती, तर जिला केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रे (विशेषाधिकार व उन्मुक्ती) कायदा, १९४७ च्या कलम ३ खाली तसे घोषित केले आहे ती. ही घोषणेवर टेकलेली व्याख्या. दुसरा, रिझर्व्ह बँकेची बाह्य व्यापारी कर्जाविषयीची २०१९ ची चौकट. परदेशातून कोणाचे कर्ज घेता येईल हे सांगताना, भारत ज्यांचा सदस्य आहे अशा बहुपक्षीय आणि प्रादेशिक वित्तसंस्थांना तिने मान्यता दिली. ही सदस्यत्वावर टेकलेली व्याख्या. तिसरा, राष्ट्रीय महामार्गांचा नमुना सवलत करार. उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब यांना जोडणाऱ्या महामार्गासारखी कामे खासगी सहभागाने होतात तेव्हा ‘ज्येष्ठ धनको’ या संज्ञेत वित्तसंस्था, बँका, बहुपक्षीय कर्जसंस्था, न्यास, निधी आणि त्यांचे उत्तराधिकारी व हस्तांतरिती असे सारे एका ओळीत येतात. कंत्राटदार चुकला तर त्याच्या जागी दुसरा आणण्याचा हक्क या धनकोंना मिळतो. ही भूमिकेवर टेकलेली व्याख्या. तीत विकास बँक आणि नफ्यासाठी चालणारा निधी यांत फरक उरत नाही.

तीन दस्तऐवज, तीन कसोट्या, आणि एकीतही त्या संस्थेविरुद्ध सामान्य माणसाला दाद कुठे मिळेल याचा उल्लेख नाही. हा तपशील तांत्रिक नाही, हे मुंद्रा प्रकरणाने दाखवले. गुजरातच्या कच्छ किनाऱ्यावरच्या औष्णिक वीज प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. मच्छीमार आणि शेतकऱ्यांनी आधी महामंडळाच्या लोकपालाकडे तक्रार केली. पर्यावरणविषयक जबाबदारीत महामंडळाकडून कसूर झाल्याचे त्याच्या चौकशीत निघाले, पण उपाय झाला नाही. मग ते वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी ठरवले की अशा संस्थांना संपूर्ण उन्मुक्ती नाही. परक्या सरकारांना मिळते तेवढीच आहे. तत्त्व जिंकले. तरी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळला, कारण तक्रारीचा गाभा भारतात घडला, अमेरिकेत नव्हे. म्हणजे ज्या मातीत नुकसान झाले, त्याच मातीमुळे तिथला दरवाजा बंद झाला. भारतात १९५८ च्या कायद्याने या महामंडळाला दर्जा आणि उन्मुक्ती दिली. प्रकल्पबाधितांनी कुठे जायचे हे मात्र ठरले नाही.

दरवाजा कोणता हेही नावावर ठरते. ज्याला आपण सरसकट जागतिक बँक म्हणतो, त्या गटात पुनर्रचना व विकास बँक आहे, १९६० ची आंतरराष्ट्रीय विकास संघटना आहे आणि खासगी कंपन्यांना पैसा देणारे वित्त महामंडळही आहे. पहिल्या दोघींविरुद्ध तपासणी मंडळाकडे जाता येते. महामंडळाविरुद्ध वेगळ्या लोकपालाकडे. तपासणी मंडळाच्या जन्मामागे महाराष्ट्राचाही वाटा आहे. सरदार सरोवरासाठी १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर झाले होते. मणिबेलीसारख्या आदिवासी गावांच्या लढ्यानंतर बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनातील त्रुटींवर कठोर अहवाल दिला, १९९३ मध्ये उरलेले कर्ज रद्द झाले आणि त्याच वर्षी तपासणी मंडळ स्थापन करण्याचा ठराव झाला. पुढे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पातील विस्थापित दुकानदार आणि रहिवासी २००४ मध्ये याच मंडळाकडे गेले. चौकशी झाली, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या घटकांचे पैसे काही महिने रोखले. मुंबईतल्या माणसाला हे साधले, कारण धनको कोण आणि त्याची तक्रार कुठे हे कळलेले कार्यकर्ते त्याच्यासोबत होते. झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला ही माहिती त्याच्या प्रकल्पाच्या कागदातच मिळाली पाहिजे.

आता परतफेडीतल्या अग्रक्रमाकडे वळू. देश अडचणीत आला तर बहुपक्षीय विकास बँकांचे हप्ते आधी भागवायचे आणि त्यांच्या कर्जाची फेररचना करायची नाही, असा जगाचा प्रघात आहे. तो कोणत्याही एका कायद्यात लिहिलेला नाही. सर्वांच्या संमतीवर चालतो. म्हणूनच तो कोणाला लागू, यावर आज भांडण आहे. झांबिया आणि घाना यांच्या कर्जफेररचनेत आफ्रिकी निर्यात-आयात बँकेने हाच अग्रक्रम मागितला. ती १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानेच स्थापन झाली आहे. पण तिच्या कर्जाचे स्वरूप व्यापारी आहे, तिच्या भागधारकांत खासगी गुंतवणूकदारही आहेत, मग इतर धनकोंनी झळ सोसावी आणि तिने का नाही, असा प्रश्न उभा राहिला. झांबियाच्याच प्रकरणात चीनची विकास बँक, नावात ‘विकास’ असूनही, व्यापारी धनकोंत गणली गेली. म्हणजे नाव पुरेसे नाही आणि स्थापनेचा करारही पुरेसा नाही. पैसा कोणत्या अटींवर दिला, हेही पाहावे लागते.

याला लागून एक मुद्दा येतो, ज्याकडे आपल्या मसुदाकारांचे लक्ष कमी जाते. कर्ज हस्तांतरित होते. वित्त महामंडळ कित्येकदा मोठ्या कर्जाचा एक भाग स्वतःच्या पैशातून देते आणि दुसरा भाग व्यापारी बँकांचा असतो. कागदोपत्री धनको मात्र महामंडळच राहते, त्यामुळे त्या बँकांनाही त्याच्या दर्जाची छत्री मिळते. दुसरीकडे, ‘उत्तराधिकारी व हस्तांतरिती’ हे शब्द व्याख्येत असले की विकास संस्थेचे कर्ज उद्या बुडीत कर्जे स्वस्तात विकत घेणाऱ्या निधीकडे जाऊ शकते. तेव्हा उन्मुक्ती, करमाफी, अग्रक्रम हे सारे त्या निधीने उपभोगावे काय? पामरच्या पेढीचे येणे आणि कंपनीची सत्ता एकमेकांत गुंतल्यावर काय झाले ते वऱ्हाडने पाहिले आहे. दर्जा संस्थेचा असावा, कागदाचा नसावा. कर्ज विकले की दर्जा तिथेच संपावा.

या सर्व पुराव्यावरून मी सुचवतो ती व्याख्या अशी. करारात किंवा नियमात ‘आंतरराष्ट्रीय विकास धनको’ म्हणजे अशी संस्था, जी सार्वभौम देशांमधील कराराने स्थापन झाली आहे, भारत जिचा सदस्य आहे आणि जिच्या कारभारात भारताला मत आहे. जी संबंधित कर्ज सार्वजनिक विकासाच्या घोषित हेतूसाठी, आणि त्याच काळातल्या व्यापारी कर्जापेक्षा स्पष्टपणे दीर्घ मुदतीने किंवा सौम्य अटींवर देते. आणि जी त्या कर्जाने बाधित झालेल्या व्यक्तींच्या तक्रारींसाठी स्वतंत्र, मराठीत अर्ज स्वीकारणारी यंत्रणा चालवते. तीनही अटी हव्यात. दर्जा त्या कर्जापुरता, ते संस्थेच्या स्वतःच्या पैशातून दिलेले असेल तेवढ्या भागापुरता, आणि ते तिच्याकडे असेपर्यंत. एका देशाच्या सरकारी संस्था, जसे नागपूर मेट्रोला कर्ज देणाऱ्या जर्मनीची केएफडब्ल्यू आणि फ्रान्सची एएफडी, यांचा वेगळा वर्ग करावा. त्या उपयुक्त आहेत, पण त्यांच्या कारभारात आपल्याला मत नाही, म्हणून त्यांचे हक्क त्या त्या करारात स्वतंत्रपणे ठरावेत.

यावर पहिला आक्षेप वकिलांकडून येईल. नावांची यादी निश्चित असते, कसोट्या लावल्या की वाद वाढतात, आणि वाद म्हणजे विलंब. आक्षेपात तथ्य आहे. पण यादी शिळी होते. आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी तिच्या ५० कोटी डॉलर कर्जाचा करार झाला. जुन्या यादीत तिचे नाव असणे शक्यच नव्हते. शिवाय यादीत एकदा शिरलेली संस्था आपली धोरणे बदलली तरी यादीत राहते. उपाय दोन्ही जोडण्यात आहे. केंद्र सरकारने कसोट्या लावून राजपत्रात यादी प्रसिद्ध करावी, ठरावीक काळाने ती तपासावी, आणि करारांनी त्या यादीचा संदर्भ द्यावा. करार करणाऱ्याला निश्चितता मिळेल, आणि यादीमागचे कारण सार्वजनिक राहील.

दुसरा आक्षेप अर्थखात्याचा. विशेषाधिकारांमुळेच या बँकांची पत उंच राहते, म्हणून त्यांना स्वस्तात पैसा उभारता येतो आणि आपल्याला स्वस्तात मिळतो. अटी वाढवल्या तर दर वाढेल. मी एकही विशेषाधिकार काढा म्हणत नाही. तक्रार यंत्रणेची अट तर बहुतेक मोठ्या संस्था आजच पुरी करतात. पुनर्रचना बँकेचे तपासणी मंडळ आहे, आशियाई विकास बँकेची उत्तरदायित्व यंत्रणा आहे, आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेनेही प्रकल्पबाधितांसाठी यंत्रणा उभारली आहे. ज्या करतात त्यांना नवा बोजा नाही, ज्या करत नाहीत त्यांनी सवलत घेण्यापूर्वी करावी. आणि तक्रार लवकर ऐकली गेली तर प्रकल्प वाचतो. सरदार सरोवराचे कर्ज तक्रारी ऐकल्यामुळे रद्द झाले नाही; वर्षानुवर्षे न ऐकल्यामुळे झाले.

तिसरा आक्षेप अगदी उलट बाजूने येतो. परक्या संस्थेला उन्मुक्ती देणे हीच सार्वभौमत्वाची हानी, वऱ्हाडचा इतिहास सांगून तुम्ही पुन्हा तिथेच नेता, असे कोणी म्हणेल. या भावनेचा मी आदर करतो, पण फरक डोळ्यांआड करता येत नाही. कंपनीच्या कारभारात निजामाला मत नव्हते. पुनर्रचना बँकेत भारत भागधारक आहे. तिथे भांडवलाच्या प्रमाणात मते आहेत हे खरे, आणि श्रीमंत देशांचे पारडे जड आहे हेही खरे. पण १९७७ मध्ये अस्तित्वात आलेल्या इफाडने सुरुवातीला विकसित देश, तेल निर्यातदार देश आणि कर्ज घेणारे विकसनशील देश या तीन गटांना समान मते दिली होती. धनकोची रचना बदलता येते याचा हा पुरावा आहे. कारभारातल्या मताचा निकष व्याख्येत आला तर तो बदल पुढे नेण्याचे एक साधन आपल्या हाती येईल. कर्ज नाकारून कापसाच्या शिवाराला पाणी आणि साठवणुकीला गोदाम मिळत नाही. धनकोला मर्यादेत ठेवून मात्र दोन्ही मिळू शकतात.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा आहे. अनुदान खात्यात आले, ठिबकचा संच बसला, मग व्याख्येशी शेतकऱ्याचे काय देणेघेणे? परतफेड सरकारच्या तिजोरीतून होते, म्हणजे कराच्या पैशातून. ती करणाऱ्यांत तोही आहे. आणि अनुदान अडले, यादीतून नाव गळले, शेतापलीकडच्या कामाने त्याचे पाणी तोडले, तर कोणाला जाब विचारायचा हे व्याख्येवरच ठरते. त्यासाठी एक मागणी तातडीने करता येईल, जिच्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. परकीय कर्जातून चालणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या गावात, कराराचा मराठी सारांश ग्रामसभेत वाचला जावा आणि पंचायतीच्या दप्तरात राहावा. कर्ज देणारी संस्था कोणती, तिच्या कारभारात भारताचे स्थान काय, रक्कम किती, परतफेड किती वर्षांत, आणि तक्रार कोणाकडे, किती मुदतीत, किती जणांनी करायची, एवढे त्यात असले तरी पुरे. तपासणी मंडळाकडे जायला दोन बाधित माणसे पुरतात. ती दोन माणसे प्रत्येक गावात आहेत.

वऱ्हाडचा हिशेब मागण्याचा हक्क १८६० मध्ये एका सहीने गेला, आणि ज्यांच्या जमिनीचा तो हिशेब होता त्यांना कोणी विचारले नाही. आजचे करार लोकनियुक्त सरकारे करतात, म्हणून तो हक्क आपल्याकडे आहे; पण मसुद्यात लिहिला नाही तर तो वापरता येत नाही. या जिल्ह्यातल्या वकील मंडळींनी, कृषी महाविद्यालयांतल्या अभ्यासकांनी आणि ग्रामपंचायत सदस्यांनी येत्या प्रकल्पांचे करार मागवून वाचावेत, व्याख्येच्या कलमापासून वाचावेत, आणि या तीन कसोट्यांवर तपासून आपली हरकत वेळेत नोंदवावी, अशी माझी विनंती आहे. विशेषाधिकार घेणाऱ्याने हिशेब दिलाच पाहिजे, हे वाक्य आपल्या प्रत्येक कर्जकरारात यावे, यासाठी प्रयत्न करणे हे आपल्या पिढीचे काम आहे.